पाण्यात सोडलं ते कुठं जातं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



नैवेद्यासाठी आपण तांदूळ निवडतो, भाजी तीन पाण्यांनी धुतो. पण एखादं विष असं असतं की ते धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही.

जपानात मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथला चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ ते १९६८ पर्यंत पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडत होता. एवढ्या समुद्रात एवढंसं काय, असंच कुणालाही वाटेल. पण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी ते घेतलं, त्यांना बारीक माशांनी खाल्लं, बारीक माशांना मोठ्यांनी. हा पारा अंगातून लवकर निघत नाही, साठत जातो. पायरीपायरीने वाढून माशात तो पाण्याच्या लाखो पट झाला. आधी मांजरं झटके येऊन मेली. मग माणसं. हातपाय थरथरायचे, जीभ अडखळायची, नजर जायची. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली.

सगळ्यात कठीण गोष्ट पोटातल्या बाळांची. आई बऱ्यापैकी धडधाकट आणि बाळ मात्र जन्मापासून अपंग. आईच्या अंगातला पारा वारेतून बाळाकडे गेला होता. जपानी घरांत बाळाची नाळ वाळवून जपून ठेवतात. पुढे त्या नाळा तपासल्या, तर त्यांतही पारा निघाला.

असा विषय निघाला की सत्संगात कुणीतरी म्हणतंच, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." आम्हाला हे इथं मुळीच पटत नाही. १९५९ मध्ये कंपनीच्याच डॉक्टरांनी ते सांडपाणी मांजराला अन्नातून देऊन पाहिलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने ते दाबून ठेवलं, आणि सांडपाणी पुढे नऊ वर्षं वाहतच राहिलं. हे कर्म कुणाचं? बाळाच्या माथी प्रारब्ध मारलं की करणारा अलगद सुटतो. कर्माचा विचार आपण स्वतःला तपासायला शिकलो, दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारायला नव्हे.

पारा आपल्याही घरात असतो बरं का! जुना थर्मामीटर, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे. थर्मामीटर फुटला तर पारा मोरीत ढकलू नका, झाकणाच्या बरणीत जमा करा. येत्या गुरुवारी आरतीनंतर केंद्रात हे सगळं गोळा करून घातक कचऱ्यात वेगळं देणार आहोत. ट्यूबलाइट न फोडता, कागदात गुंडाळून आणाव्यात.