कुसळ

चेन्नईच्या वेलचेरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पहाटे मी शिनाई फिरवत असतो. शिनाई म्हणजे केंडो या जपानी तलवारविद्येतली सरावाची तलवार, बांबूच्या चार पट्ट्या चामड्यात आवळून केलेली. पहिल्याच आठवड्यात रखवालदार अण्णा वर आले, जरा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सिलंबमा?" तमिळनाडूत बांबू घेऊन घाम गाळणारा माणूस सिलंबमच, म्हणजे इथली लाठीच, खेळत असणार. तलवार आहे म्हटल्यावर त्यांनी ती हातात घेऊन तोलली, बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला धार कुठंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना बरंच मागे जावं लागलं.

यागियू मुनेनोरी हा तोकुगावा शोगुनांचा तलवारगुरू. १६१५मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, मोठी युद्धं संपली, आणि १६३२मध्ये त्याने आपल्या घराण्याची विद्या ग्रंथात मांडली. जीव घेणारी तलवार आणि जीवदान देणारी तलवार हा भेद तिथे येतो. मला आधी यात अहिंसा दिसली होती. नीट वाचल्यावर कळलं, की एका दुष्टाला मारून अनेकांना जगवणं असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे रक्त आहेच. त्या दिवशी मी खट्टू झालो, पण आज वाटतं की मुनेनोरी प्रामाणिक होता. हातातली वस्तू कशासाठी घडवली आहे, हे त्याने लपवलं नाही.

त्याचा मित्र ताकुआन हा झेन भिक्षू. त्याने मुनेनोरीला लिहिलेला उपदेश मला अधिक जवळचा. समोरच्याच्या तलवारीवर मन थांबलं की तुम्ही अडकलात, असं तो सांगतो. हजार हातांच्या अवलोकितेश्वराचं मन एका हातावर थबकलं, तर उरलेले नऊशे नव्याण्णव निकामी. कुठेच न थांबणाऱ्या मनाला तो अचल म्हणतो. ज्या बोधिधर्माला झेनचा आद्य पुरुष मानतात, तो आमच्या शेजारच्या कांचीपुरमचा, अशी एक परंपरा आहे. त्यामुळे हे बोलणं मला परकं वाटत नाही. कचेरीतल्या बैठकीत समोरच्याच्या पहिल्याच टोचऱ्या शब्दावर माझं मन अडायचं. पुढचं ऐकूच यायचं नाही, आत उत्तराची जुळवाजुळव चाललेली असायची. ही खोड मला गच्चीवर कळली. घाव चुकला की मी त्या चुकलेल्या घावापाशीच उभा राहायचो आणि पुढचाही चुकवायचो.

तरी माझ्या मते खरं वळण तत्त्वज्ञांनी दिलेलं नाही. आधी सराव मुख्यतः लाकडी तलवारीने, ठरलेल्या हालचालींत बांधलेला असे, कारण पूर्ण ताकदीचा घाव हाड मोडू शकतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागानुमा कुनिसातो याने शिनाई आणि शिरस्त्राण-चिलखत सुधारलं. आता जीव तोडून मारता येऊ लागलं आणि समोरचा उद्या पुन्हा सरावाला येऊ लागला. ज्याला मारायचं, त्यालाच जपायचं, ही गोष्ट बांबू आणि चामडं बांधणाऱ्या हातांनी शक्य केली.

मग १८७६मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी झाली. दोनच वर्षांनी इकडे भारतात व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आला. दांडपट्टा उरला तो कोल्हापूरच्या तालमींतून, मर्दानी खेळात. जपानात युद्धविद्या जपायला १८९५ला क्योतोत बुतोकुकाई ही संस्था निघाली, पण हीच विद्या पुढे लष्करशाहीच्या दावणीला बांधली गेली. माणूस घडवण्याचं नाव घेत माणसं युद्धासाठी तयार केली गेली. हे विसरून केंडोचं गुणगान करणं मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर विजेत्यांनी शाळांतला केंडो थांबवला. १९५२मध्ये अखिल जपान केंडो महासंघ उभा राहिला, आणि १९७५मध्ये त्याने केंडोचं प्रयोजन शब्दांत मांडलं: तलवारीच्या तत्त्वांतून माणसाची घडण.

वेलचेरीत दंडीश्वराचं देऊळ आहे. मार्कंडेयावर पाश टाकला म्हणून शिवाने यमाला शासन केलं, त्याचा दंड गेला, आणि तो त्याने इथे तप करून परत मिळवला, अशी स्थळकथा. हत्यार एकदा हातातून गेलं, की ते परत घेणारा हात पहिल्यासारखा राहत नसावा. तिथून येताना मला हे दरवेळी वाटतं.

सामन्यात गुण मिळाल्यावर उडी मारून आनंद दाखवला, तर तो गुण रद्द होऊ शकतो. घाव बसल्यावरही समोरच्याचं भान सुटता कामा नये. याला झानशिन म्हणतात. मला ते अजून नीट साधलेलं नाही.

शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी घाव शिकवलाच नाही, आधी शिनाई तपासायला लावली. पट्टी चिरली तर तिचं कुसळ शिरस्त्राणाच्या जाळीतून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकतं. म्हणून रोज रात्री मी दिव्याखाली चारही पट्ट्यांवरून अंगठा फिरवतो, खरखरेल तिथे पॉलिश पेपर मारतो, जवसाचं तेल चोळतो. परवा अण्णा जिन्यात भेटले, तेव्हा त्यांना ती दाखवली. त्यांनीही अंगठा फिरवला आणि मुठीजवळ माझ्या नजरेतून सुटलेली एक बारीक चीर दाखवली.