खेळातली नदी

मुलांना खेळातून शिकवावे की नाही, असा प्रश्न आम्हांला हल्ली वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा शिक्षक असतात, कधी आईबाप. हे खेळ म्हणजे आट्यापाट्या नव्हेत. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरचे व्हिडिओ गेम. आणि शिकवायचे काय, तर नदी कशी नासते आणि ती कशी राखावी. एवढे ऐकूनच काही वृद्ध मंडळी कपाळाला हात लावतात. नदी काठावर जाऊन पाहावी, पडद्यावर काय पाहायची, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. पूर्वपक्ष पुरता मांडल्याखेरीज खंडनाला हात घालू नये, अशी आमच्या पाठशाळेची शिस्त होती.

तेव्हा प्रथम त्या खेळांची बाजू. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातील साशा बराब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी 'क्वेस्ट अटलांटिस' नावाचा खेळ शाळेतल्या मुलांसाठी रचला. त्यात 'तायगा' नावाचे एक अरण्य आहे. अरण्यातून नदी वाहते आणि नदीतले मासे कमी होत चालले आहेत. कोणामुळे, हे मुलाने शोधायचे. तिथे शेती करणारे आदिवासी आहेत, लाकूडतोडीची कंपनी आहे, हौशी लोकांना मासे धरायला आणणारी दुसरी कंपनी आहे. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मूल प्रत्येकाला भेटते, ठिकठिकाणचे पाणी तपासते. त्यात विरघळलेला प्राणवायू किती, गढूळपणा किती, खताचा अंश किती. मग त्याला कळते की दोष एकाचा नाही. शेतातले खत ओघळून शेवाळ माजते, झाडे तुटल्याने माती पाण्यात येते, मासेही हात राखून धरले जात नाहीत. मुलाने रागाने लाकूडवाल्यांना हाकलून दिले, तर खेळ त्याला पुढच्या काळात नेतो आणि दाखवतो की अरण्य राखायला पैसाच उरला नाही.

यात वाईट ते काय? कर्म आज आणि फळ उद्या, मधला धागा दिसत नाही. तो धागा श्रोत्याच्या मनात उतरावा म्हणून आम्ही कीर्तनकार दृष्टांतामागून दृष्टांत लावतो, घसा कोरडा करतो. तो धागा हा खेळ घटकाभरात डोळ्यांपुढे धरतो. आणि खेळातून शिकवण्याचे आपल्याला वावडे कधी होते? सापशिडीचा मूळ मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वर महाराजांच्या नावावर सांगितला जातो. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने वर जायचे, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचे. फुगडी, हुतूतू, विटीदांडू यांच्यावर संतांनी अभंग रचले आहेत. कोणी म्हणेल, खेळात हरले की पुन्हा पहिल्यापासून मांडता येतो, खरी नदी पुन्हा कोण मांडून देणार? पण सापाने गिळलेली सोंगटीही पुन्हा चालतेच की. तेवढ्याने मोक्षपट कोणी खोटा म्हटला नाही. ही शंका आम्हांला फारशी जड वाटत नाही.

जड वाटते ती वेगळीच, आणि ती एका मुलीने आमच्या पुढ्यात आणून ठेवली. एका मुक्कामी शाळेच्या पडवीत उतरलो होतो. सहावी-सातवीतली पोर असेल. ती 'सिटीज : स्कायलाइन्स' नावाचा खेळ खेळत होती. हा फिनलंडच्या एका कंपनीने २०१५ साली काढला. यात आपण शहर वसवायचे, रस्ते, नळ, गटारे सगळे आपणच. त्यातले पाणी खऱ्यासारखे वाहते, म्हणून पिण्याचे पाणी उपसण्याची जागा जर गटाराच्या तोंडाखाली पडली, तर शहरातली माणसे आजारी पडतात. पोरगी मोठ्या उत्साहाने सांगू लागली, "महाराज, पहिल्यांदा माझं अख्खं शहर आजारी पडलं! मग मला कळलं. नळ वरच्या अंगाला घ्यायचा, गटार खालच्या अंगाला सोडायचं. झालं, सगळे बरे."

आम्ही म्हणालो, "शाबास. पण बाळ, त्या खालच्या अंगाला कोण राहतं गं?"

तिने पडद्यावर बोट सरकवत नेले, नदीच्या टोकापर्यंत. म्हणाली, "इथं कुणीच नाही महाराज. इथं नकाशा संपतो."

त्या खेळात पाणी शुद्ध करणारी यंत्रेही मिळतात म्हणे, पण ती महाग; आणि नकाशाच्या कडेबाहेर सोडले तर कोणी जाब विचारत नाही. आता पाहा, पोरीने काही लबाडी केली का? मुळीच नाही. मोठमोठ्या शहरांचे शहाणे जे करीत आले, तेच तिला खेळाने शिकवले.

दर्शनशास्त्रात दोन दोष सांगितले आहेत, कृतहान आणि अकृताभ्यागम. आपण केलेल्याचे फळ बुडणे हा पहिला. न केलेल्याचे फळ पदरी येणे हा दुसरा. पुनर्जन्म मानला नाही तर हे दोन्ही दोष येतात, असा शास्त्रकारांचा युक्तिवाद. ज्याने केले त्याने भोगावे, एवढी जगाची घडी नीट असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. नदीकाठी मात्र ही घडी रोज विस्कटते. वरचा सोडतो आणि विसरतो; खालचा काही न करता भोगतो. पडद्यावरच्या शहरात गटार सोडणारे आणि पाणी पिणारे एकाच मुलाच्या हातात असतात, म्हणून मूल चटकन सुधारते. खऱ्या नदीवर ते दोघे एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. खेळाचे बळ यात आहे आणि उणेही यातच. 'तायगा' रचणाऱ्यांनी नदीकाठच्या तिघांची गाऱ्हाणी मुलाच्या कानी घातली, म्हणून आम्ही तो खेळ वरचढ मानतो. तरी तिथेही मूल बाहेरून येऊन न्याय करते. त्याच्या घरची मोरी त्या नदीला मिळत नाही.

आपल्या घरची मिळते. आळंदीत इंद्रायणीवर गेल्या काही वर्षांत वारंवार पांढरा फेस आला, तो आपण डोळ्यांनी पाहिला आहे. तो हिमासारखा दिसतो, पण आहे साबणद्रव्यांचा. घरोघरच्या मोऱ्यांतून आणि कारखान्यांच्या नाल्यांतून आलेले पाणी बंधाऱ्यावरून आदळले की फसफसते. माउलींची पालखी निघून दिवेघाट चढते. इंद्रायणी दुसऱ्या वाटेने जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. पुढे पुण्याचे सगळे घेऊन मुळामुठा येते. मग उजनीचे धरण, १९८० साली पुरे झालेले. वाटेत आपण पादुकांना नीरास्नान घालतो, ती नीराही नरसिंगपूरला भीमेतच येते. आणि आपण जेव्हा पंढरपुरात चंद्रभागेत उतरतो, तेव्हा आळंदीला आणि नीरेला मागे सोडलेले पाणीच पायाला लागते. वारकऱ्याइतका या नकाशाच्या दोन्ही टोकांना पायी जाणारा दुसरा कोण?

कोणी भाविक म्हणेल, तीर्थाला मळ लागत नाही. तीर्थाच्या पावित्र्याविषयी आम्हीही बोट उचलणार नाही. पण पाण्यात मलमूत्र, थुंकी टाकू नये असा निषेध स्मृतिग्रंथांनी केला, तो काय उगाच? मळ लागतच नसता तर निषेध कशाला लिहिला असता? सरकारी मापाने स्नानाच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा लागतो. सेंद्रिय घाण कुजताना जो प्राणवायू खाते, त्याची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. ही मापे डोळ्याला दिसत नाहीत. निर्मळ दिसणारे पाणीही त्यात नापास होऊ शकते. हे 'तायगा' खेळणाऱ्या मुलाला खेळातून कळते आणि आपल्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर स्नान करून कळलेले नसते.

म्हणून शाळेने खेळ बंद करावा असे आम्ही म्हणणार नाही. वेदान्तात परोक्ष आणि अपरोक्ष असे ज्ञानाचे दोन प्रकार आहेत. परोक्ष ज्ञान टाकाऊ नसते. ऐकल्याशिवाय कोण शोधायला निघतो? पण ऐकून थांबले तर ते ऐकीवच राहते. त्या शाळेचे गुरुजी भले गृहस्थ. आम्ही त्यांना सुचवले की खेळ झाला की पोरांकडून कडेबाहेरचा नकाशा कागदावर काढून घ्या, आणि एखाद्या सुट्टीत त्यांना तुळापूरच्या संगमावर न्या. शहराचे नाले जिथे नदीला मिळतात तेही दाखवा, आणि यात्रेनंतरचा घाटही; पत्रावळी, निर्माल्य, साबणाची वेष्टने, कोण काय टाकून गेले ते पोरांनीच मोजावे.

गुरुजींनी विचारले, "महाराज, नकाशा पंढरपुरापर्यंत काढू ना?" आम्ही म्हणालो, "तिथं कसा संपेल?" भीमा पंढरपुराहून पुढे जाते. टाकळीला सोलापूरकर तिचे पाणी पिण्यासाठी उचलतात. मग ती कर्नाटकात शिरते आणि गाणगापूरला अमरजा तिला येऊन मिळते. त्या संगमावर दत्तभक्त पहाटे स्नानाला उतरतात, आणि आषाढीला आपण वाळवंटात जे सोडून येतो ते त्यांच्या वरच्या अंगाला असते.