पहिले घर: करविवरण आणि रजिस्ट्री यांमधले अंतर

पहिले घर घेणाऱ्यासाठी प्राप्तिकराच्या कायद्यात स्वतंत्र जागा २०१३ साली करण्यात आली. कलम ८०ईई नुसार, त्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या आणि २५ लाखांहून मोठ्या नसलेल्या गृहकर्जाच्या व्याजापैकी एक लाख रुपये जादा वजावट म्हणून मिळू लागले. २०१६ मध्ये हीच तरतूद वर्षाला ५० हजारांच्या रूपात परतली, आणि २०१९ च्या अर्थसंकल्पाने आणलेल्या कलम ८०ईईए मुळे ती दीड लाखांवर गेली. या शेवटच्या कलमाचा लाभ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच मिळाला. तीनही वेळा उद्देश एकच सांगितला गेला, तो म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला पहिल्या घरापर्यंत पोहोचवणे. ही सवलत त्या कुटुंबापर्यंत खरोखर पोहोचली का, हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा छत्तीसगडातल्या रायपूरसारखे शहर अधिक उपयोगी आहे, कारण कलम ८०ईईए ने घराच्या मूल्यावर घातलेली ४५ लाखांची मर्यादा मुंबईत बहुतेक घरांना बाहेर ठेवते, तर रायपुरात ती मध्यमवर्गीय घरांच्या मोठ्या भागाला आत घेते.

मुळात वजावट म्हणजे करपात्र उत्पन्नातून रक्कम वगळणे. ती थेट करातून कमी होत नाही, आणि म्हणून तिचे मोल ज्याच्या-त्याच्या करदरावर ठरते. दीड लाखांची पूर्ण वजावट ३० टक्क्यांच्या दरात असणाऱ्याचे उपकरासह ४६,८०० रुपये वाचवत होती, २० टक्क्यांच्या दरात असणाऱ्याचे ३१,२००, आणि ज्याचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत होते त्याचे काहीच नाही, कारण त्याला मुळात करच लागत नव्हता. अमेरिकेने २००९ मध्ये पहिल्या घराच्या खरेदीदारांना जे कमाल आठ हजार डॉलर देऊ केले ते याच्या उलट होते: ती रक्कम थेट करातून वजा होत असे, आणि कर तेवढा नसेल तर उरलेले पैसे सरकार हातात देत असे. भारताने हा मार्ग कधी स्वीकारला नाही. त्यामुळे भारतातली सवलत, घराची गरज जितकी निकडीची तितकी तुटपुंजी होत गेली.

कलम ८०ईईए चा हिशेब तर आतूनच विसंगत होता. राहत्या घराच्या व्याजावर कलम २४ खाली आधीच दोन लाखांची वजावट होती, आणि नवी दीड लाखांची वजावट ती संपल्यावरच सुरू होत असे. म्हणजे पूर्ण लाभासाठी वर्षाला साडेतीन लाखांचे व्याज भरावे लागे. २०२१ च्या सुमाराचा सात टक्के व्याजदर धरला तर त्यासाठी ५० लाखांचे कर्ज हवे, आणि घराचे मूल्य मात्र ४५ लाखांच्या वर जाता कामा नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांचे कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते, तेव्हा ४५ लाखांच्या घरावर मिळणारे कर्ज ३६ लाखांचे, पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे अडीच लाखांचे, आणि नव्या कलमाच्या वाट्याला उरते ती ५२ हजारांच्या आतली रक्कम. २० टक्के दराच्या करदात्याला त्यातून वर्षाला साधारण १०,८०० रुपये सुटतात. अर्थसंकल्पीय भाषणातली दीड लाखांची सवलत ती हीच!

पूर्ण दीड लाख मिळण्याची वाट एकच उरत होती: घराचे सरकारी मूल्य बाजारभावापेक्षा बरेच कमी असणे. कलमाने मर्यादा ठरवताना मुद्रांक शुल्कासाठी धरले जाणारे मूल्य प्रमाण मानले होते, आणि ते मूल्य ठरवणे राज्यांच्या हाती असते. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्यालाच छत्तीसगडात गाइडलाइन दर म्हणतात. भूपेश बघेल यांच्या सरकारने २०१९ मध्येच हे दर सरसकट ३० टक्क्यांनी उतरवले आणि ही सूट मार्च २०२४ पर्यंत चालू राहिली. परिणामी ज्या घराचे सरकारी मूल्य ६० लाख होते ते ४२ लाखांवर येऊन केंद्राच्या मर्यादेत बसू लागले. केंद्राची करसवलत कोणाला मिळावी हे अशा रीतीने राज्याच्या पंजीयन म्हणजे नोंदणी विभागाने, बहुधा मनात नसताना, ठरवले.

त्याच निर्णयाची दुसरी बाजूही होती. दर उतरवताना पंजीयन शुल्क ०.८ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेण्यात आले. पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क पाच टक्के लागते; स्थानिक उपकर बाजूला ठेवले तर पूर्वी शंभर रुपयांच्या मूल्यावर त्याला ५.८० रुपये पडत होते, आणि सत्तर रुपयांवर आलेल्या मूल्याचे नऊ टक्के म्हणजे ६.३० रुपये पडू लागले. मूल्य कमी झाले आणि खर्च वाढला. पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या घरांना पंजीयन शुल्कात दोन टक्क्यांची सूट मिळाली तेव्हा कुठे हा आकडा ४.९० वर आला. ही सूट पहिल्या घरासाठी राखीव नव्हती, तरीही पहिल्या खरेदीदाराला ती प्राप्तिकराच्या कलमापेक्षा जास्त उपयोगी पडली असे म्हणावे लागते, कारण ४० लाखांच्या घरावर ती एकरकमी ८० हजारांची होती आणि नेमकी त्या दिवशी मिळत होती ज्या दिवशी खरेदीदाराची सगळी शिल्लक बयाणा, बँकेने मागितलेला स्वतःचा हिस्सा आणि रजिस्ट्री यांत संपलेली असते.

कमी गाइडलाइन दराची किंमत मात्र तोच खरेदीदार वेगळ्या वाटेने मोजत होता. शुल्क वाचवण्यासाठी व्यवहारपत्रात सरकारी मूल्याएवढीच रक्कम लिहिण्याची रीत पडली की बँक त्या लिखित रकमेवरच कर्ज देते, आणि वरचा फरक रोखीने उभा करावा लागतो. जुने घर विकून आलेल्याला तो जमतो, पगारावर पहिले घर घेणाऱ्याला जमत नाही. २०२४ च्या अखेरीस विष्णुदेव साय सरकारने, सौदा गाइडलाइनपेक्षा मोठा असला तरी पंजीयन शुल्क गाइडलाइन मूल्यावरच घेण्याचे ठरवले, ते खरी किंमत कागदावर यावी आणि कर्ज पुरेसे मिळावे याच कारणासाठी. या छोट्या दुरुस्तीची चर्चा फारशी झाली नाही. पहिल्या खरेदीदाराच्या दृष्टीने ती ८०ईई च्या तीनही अवतारांपेक्षा मोलाची आहे.

दरम्यान करविवरणातला मार्ग जवळपास बंद झाला आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तीत करच नाही. मदत उरली आहे ती प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या व्याज अनुदानात: नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचे घर आणि कमाल १.८० लाख रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. ते करावर अवलंबून नाही, हा त्याचा गुण. पण पहिल्या दिवशीची नड ते भागवत नाही.

शिवाय ‘पहिले’ कोणाचे हा प्रश्न दोन्ही व्यवस्था निराळ्या रीतीने सोडवतात. प्राप्तिकराचे कलम कर्ज मंजूर होण्याच्या दिवशी त्या व्यक्तीच्या मालकीचे घर नसावे इतकेच पाहत होते, म्हणजे महिन्यापूर्वी जुने घर विकलेलाही त्यात बसत होता. आवास योजना मात्र पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे असे म्हणते. रायपुरातल्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्तीतल्या, वाटणी न झालेल्या घरात आजोबांपासूनचा सातवा किंवा नववा हिस्सा बाळगून भाड्याने राहणाऱ्याला त्या हिश्शात झोपायला खोलीही मिळत नाही, पण तो हिस्सा सरकारी नोंदीत त्याच्या नावे चढला असेल, तर तो घरमालक की बेघर हे अर्ज तपासणाऱ्याच्या वाचनावर सुटते. रजिस्ट्रीच्या टेबलावर स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आजही मिळते, तेव्हा पहिल्या खरेदीदाराला तेथेच सूट देण्याची यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही; इंग्लंडने २०१७ पासून पहिल्या घरावरच्या मुद्रांक शुल्कात हेच केले आहे. छत्तीसगडला त्यासाठी आधी ठरवावे लागेल ते अविभक्त घरातल्या अशा हिश्शाला घर मानायचे की नाही.