राज्यांचे हक्क आणि माणसांची मालकी

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–१८६५) गुलामगिरीमुळे झाले की राज्यांच्या हक्कांवरून, हा वाद मुख्यतः युद्ध संपल्यावर वाढला. युद्ध सुरू होताना दक्षिणेच्या पुढाऱ्यांना त्याविषयी शंका नव्हती.

१७८७च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नव्हता. गुलामगिरीला संरक्षण मात्र होते. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम तीन माणसांएवढे धरायचे, पळालेला गुलाम मालकाच्या हवाली करायचा आणि १८०८पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, अशी कलमे तीत होती. ही प्रथा कालांतराने आपोआप मिटेल, असे अनेक घटनाकारांना वाटे. १७९३मध्ये एली व्हिटनीने कापसातली सरकी काढणारे यंत्र बनवले आणि हिशेब पालटला. कापसाचे मळे मिसिसिपीच्या खोऱ्यापर्यंत आणि पुढे टेक्सासपर्यंत पसरले. १७९०मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६०मध्ये चाळीस लाखांच्या घरात पोहोचले. तोवर देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. गुलाम तारण ठेवून कर्ज मिळे, वारसांत त्यांची वाटणी होई.

भांडण पेटले ते पश्चिमेकडच्या नव्या भूमीवरून. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असल्याने नवे राज्य गुलामांचे की मुक्त, यावर सत्तेचा तोल ठरे. १८२०च्या तडजोडीने मिसुरी गुलामांचे आणि मेन मुक्त राज्य झाले. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात (१८४६–४८) प्रचंड प्रदेश हाती आला आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८५०मध्ये दुसरी तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य ठरले आणि त्या बदल्यात दक्षिणेला पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला.

‘राज्यांच्या हक्कां’ची खरी कसोटी या कायद्याने घेतली. पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे सुनावणी नव्हती, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. त्याला मालकाकडे धाडले, तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला दहा डॉलर मिळत. सोडून दिले, तर पाच. जादा कागदपत्रांचा मोबदला, असे या फरकाचे समर्थन केले जाई! उत्तरेतील अनेक राज्यांनी या धरपकडीला अडथळा आणणारे कायदे केले. तेव्हा दक्षिणेने राज्यांच्या स्वायत्ततेची बाजू घेतली नाही. केंद्राने बळ वापरून या राज्यांना वठणीवर आणावे, अशी मागणी केली.

१८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२०च्या तडजोडीत गुलामगिरीला घातलेली मर्यादारेषा मोडली, कॅन्ससमध्ये रक्त सांडले आणि गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८५७च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केंद्रशासित प्रदेशांतही काँग्रेसला गुलामगिरी रोखता येणार नाही. १८५९मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, तेव्हा गुलामांच्या उठावाच्या भीतीने दक्षिण हादरली.

१८६०मध्ये रिपब्लिकन पक्षाचा लिंकन चाळीस टक्क्यांहून कमी मते मिळवून अध्यक्ष झाला. असलेली गुलामगिरी मोडण्याचे वचन त्याने दिले नव्हते; तिचा प्रसार थांबवण्याचे दिले होते. मळेवाल्यांना तेवढेही पुरेसे धोक्याचे वाटले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले. त्याच्या जाहीरनाम्यात मुख्य तक्रार होती, उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत, ही. मिसिसिपीने तर आपले हित गुलामगिरीशी एकरूप असल्याचे उघडपणे लिहिले. आयातकराचे कारण पुढे केले जाते, तेही इथे लंगडे पडते; १८५७मध्ये तो कर दक्षिणेच्या पाठिंब्याने कमीच झाला होता.

१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या. उत्तर मात्र गुलाममुक्तीसाठी रणात उतरली नव्हती. संघराज्य टिकवणे हा तिचा घोषित हेतू होता आणि गुलामगिरी असलेली चार राज्ये तिच्याच बाजूला राहिली. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेच्या लोकांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कदर म्हणून. पण तत्काळ मुक्तीचा आग्रह धरणारे १८६१मध्ये उत्तरेतही अल्पसंख्यच होते.

दक्षिणेतील फुटीर राज्यांच्या संघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१मध्ये सव्हाना येथील भाषणात गुलामगिरी हेच फुटीचे तात्कालिक कारण असल्याचे सांगितले आणि वांशिक विषमता हा नव्या राज्याचा पाया ठरवला. पराभवानंतर त्याने दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात युद्धाचे मूळ संघराज्याच्या स्वरूपाविषयीच्या मतभेदात असल्याचे त्याने प्रतिपादले.