हात लावण्याआधी

2023 च्या पावसाळ्यानंतर गेवराई तालुक्यात घरोघरच्या जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं होतं, निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं चाळली जात होती आणि गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, गावांतून माणसं पिशवीत कागद घालून मोडी वाचणाऱ्याचं दार शोधत फिरत होती. मोडी मला वडिलांकडून आली, म्हणून काही पिशव्या माझ्याही ओट्यावर आल्या. हवी ती नोंद थोड्यांनाच सापडली. पण त्या निमित्तानं आमच्या भागातला जुना कागद जेवढा हाताखालून गेला तेवढा एरवी गेला नसता. आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. माळ्यावर विसरून पडलेले कागद धुळीनं माखलेले, कडेनं कसरीनं खाल्लेले, पण वाचता येत होते. घरानं ज्याला जिवापाड जपलं होतं, त्या कागदाची मात्र दशा झाली होती.

कारण त्याला लॅमिनेशन केलेलं असे.

एका वतनाच्या कागदाचं सांगतो. हाताएवढा लांब, जाडसर हातकागद. ‘फाटू नये म्हणून’ थोरल्या मुलानं झेरॉक्सच्या दुकानातून प्लास्टिकमध्ये घालून आणलेला. हेतू चांगलाच होता, आणि दुकानदारानंही मागितलं ते दिलं. पण गरम रुळांतून जाताना प्लास्टिकचा गोंद वितळतो आणि कागदाच्या तंतूंत शिरतो. आपली जुनी शाई काजळाची. ती उडत नाही, फिकट होत नाही, पण कागदाच्या वरच बसलेली असते. चिकटलेलं प्लास्टिक ओढायला गेलं की अक्षर कागद सोडून प्लास्टिकबरोबर येतं. म्हणजे आता ते काढायचं तर तज्ज्ञानं, प्रयोगशाळेत, द्रावकं वापरून, आणि तरीही शिक्क्याची शाई टिकेल की विरघळेल याची खात्री नाही. शिवाय असे कागद एकसंध नसतात. तुकडे एकाखाली एक चिकटवून लांबी वाढवलेली असते, आणि मधेच कुणी नवा तुकडा घालू नये म्हणून जोडावर पाठीमागून शिक्का मारलेला असतो. कागद खरा की बनावट, हे पुष्कळदा मजकुरापेक्षा तो पाठीवरचा अर्धामुर्धा शिक्का सांगतो. या कागदाच्या पाठीला लॅमिनेशनच्या आधी कधीतरी कुणीतरी मजबुतीसाठी ब्राऊन पेपर डकवला होता. मजकूर शाबूत होता. साक्षीदार गाडला गेला होता.

हे सगळं अडाणीपणातून होतं असं म्हणून मोकळं होता येत नाही. अजिंठ्याकडे बघा. आमचं गेवराई आणि अजिंठा दोन्ही तेव्हा एकाच सरकारच्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या मुलखात. त्या संस्थानाचं पुरातत्त्व खातं 1914 साली सुरू झालं आणि त्याचे संचालक गुलाम याजदानी हे खरोखर जाणकार गृहस्थ होते. भिंतींवरची चित्रं पापुद्रे सुटून गळत होती. त्यांनी थेट इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. 1920 ते 1922 या काळात त्यांनी सुटलेले पापुद्रे पुन्हा बसवले, आणि चित्रांवर लाखेचं, शेलॅकचं लेपण दिलं. त्या काळातलं हे उत्तमातलं उत्तम ज्ञान होतं. पापुद्रे राहिले हे त्यांचं श्रेय कुणी नाकारू नये. पण लाख कालांतरानं पिवळी पडते, मग तपकिरी. त्याआधी एकोणिसाव्या शतकात जॉन ग्रिफिथ्स यांच्या चमूनं नकला काढताना चित्रांना व्हार्निश लावलेलं होतंच. त्यावर धूळ, धूर, वटवाघळांची घाण. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची पुढची कित्येक वर्षं मूळ रंगाला धक्का न लावता हे थर उतरवण्यात गेली. ग्रिफिथ्सच्या पुष्कळ नकला तर लंडनमध्ये 1885 च्या आगीत जळाल्या. त्या नकला गेल्या, व्हार्निश तेवढं मागे राहिलं.

काढता येणार नाही असं काहीही लावू नका, हा संवर्धनाचा आज जगभर मानला जाणारा नियम अशा ठेचांतून आला आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन: लागेल तेवढंच करा, आणि केलं ते लिहून ठेवा. 1964 च्या व्हेनिसच्या सनदेत वास्तूंबद्दल याच वळणाचे नियम आले. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असा तिचा आशय आहे. मला या नियमांमधली नम्रता आवडते. आजचं आपलं उत्तम ज्ञान उद्या खुळं ठरेल हे गृहीत धरून काम करायचं. डॉक्टरलाही इतकं नम्र राहणं जमत नाही.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 1966 मध्ये, फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. ती वाचवताना क्रिस्टोफर क्लार्कसन या संवर्धकाच्या लक्षात आलं की, सरस लावून घट्ट बांधलेल्या ग्रंथांपेक्षा मऊ चर्मपत्राच्या आवरणातली, जवळपास सरस नसलेली साधी पुस्तकं पुरातून बरीच चांगली निघाली. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या सुट्या पानांच्या पोथ्या आठवल्या. ना शिवण, ना गोंद. दोन फळ्या, मध्ये पानं, वर सुती रुमाल आणि दोरी. भिजली तर एकेक पान सुटं करून सावलीत वाळवता येतं. आमच्या पांचाळेश्वर-राक्षसभुवनच्या काठाला जायकवाडीचं पाणी सुटलं की देवळं बुडतात, घरांत पाणी शिरतं, तेव्हा या सोयीचं मोल कळतं. याच पोथीला हौसेनं बाइंडिंग करून आणलं की तिचा वीट झालेला गठ्ठा व्हायला एक पूर पुरतो. राक्षसभुवनचं नाव निघालंच आहे तर, 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी निजामाला जिथे हरवलं ते हेच. ती लढाई आज आपल्याला कळते ती मुख्यतः कागदांतून. त्या कागदांचं बाइंडिंग कुणाला सुचलं नाही, हे आपलं नशीब.

कागदापर्यंत नियम सोपे आहेत. देवाशी गाठ पडली की अवघड होतात.

संग्रहालयातली मूर्ती कुणाची वाट पाहत नाही. देवळातल्या मूर्तीला रोज पहाटे आंघोळ असते. दूध, दही, मध, पाणी, दगड झिजणारच. मारुतीला शेंदूर, शनीला तेल. हा सगळा ‘ऱ्हासाचा घटक’ म्हणून अहवालात लिहिला जातो, पण ज्याच्यासाठी मूर्ती घडवली गेली तो व्यवहारही हाच. वणीच्या सप्तशृंगीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचं जाड कवच 2022 साली काढलं. दीड महिना दर्शन बंद होतं. आतून अठरा हातांची, कोरीव दागिन्यांची देवी समोर आली आणि लोक हरखले. मीही वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ पाहत बसलो. पण एक विचार मनातून जात नाही. तो थर म्हणजे फक्त मळ होता का? शेकडो वर्षांत ज्यांनी चिमूटभर शेंदूर वाहिला त्यांचा दुसरा कुठलाच पुरावा जगात नाही. तिथे काढणं बरोबर होतं असंच मला वाटतं, कारण एवढं ओझं मूर्तीला सोसवणारं नव्हतं. मात्र प्रत्येक पारावरच्या मारुतीला, प्रत्येक वीरगळाला ‘मूळ रूपात’ आणण्याची जी टूम आता निघाली आहे, तिची मला धास्ती वाटते. घासणीनं आणि ॲसिडनं मूळ रूप येत नाही. नवीनच एक रूप येतं.

कोल्हापूरच्या अंबाबाईचं उदाहरण वेगळं शिकवतं. 1955 साली मूर्तीला वज्रलेप झाला. 2015 साली पुरातत्त्व खात्यानं रासायनिक संवर्धन केलं. त्यानंतर मस्तकावरचा नाग दिसत नाही, यावरून वाद पेटला. कोण चूक हे गेवराईत बसून मी सांगणार नाही. पण प्रत्येक हस्तक्षेपाआधीची छायाचित्रं, मापं, थरांच्या नोंदी भाविकांना पाहता येतील अशा ठेवल्या असत्या, तर वाद श्रद्धेवरून झाला असता, वस्तुस्थितीवरून नाही. दस्तऐवज ही संवर्धनातली कारकुनी समजली जाते. तीच त्यातली नीती आहे.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं पाश्चात्त्य खूळ. आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा आहे, खंडित मूर्ती पाण्यात सोडावी आणि नवी बसवावी असं पुराणंच सांगतात. खरं आहे. अग्निपुराणात तसा विधी आहे. आपण पूजा टिकवली, दगड टिकवण्याचा आग्रह धरला नाही. जपानातलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, आणि 1994 च्या नारा येथील दस्तऐवजानं जगाला मान्य करायला लावलं की अस्सलपणाची कल्पना प्रत्येक संस्कृतीची आपली असते. माझा त्याला विरोध नाही. पण इसेला सुतार जुन्याच पद्धतीनं, त्याच लाकडात घडवतो. म्हणून ते टिकतं. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काळ्या दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात ग्रॅनाइट आणि विटांच्या शिखराला सिमेंट. चुना विटेपेक्षा मऊ असतो. ओल त्यातून बाहेर पडते, क्षार त्यात फुटतात, झिजायचं ते चुनाच झिजतो आणि वीट राहते. सिमेंट कडक. ओल आत कोंडते आणि विटेचाच भुगा होतो. चुन्याची घाणी गावातून गेली तेव्हा परंपरा गेली; वर्गणीची पावती तेवढी परंपरेच्या नावानं फाडतात.

शिवाय परंपरेचं म्हणाल तर पांचाळेश्वरलाच या. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसामाणसाला विचारून जमवल्या, त्याचं लीळाचरित्र झालं. पुढे धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. आता असं पाहा: तुटलेली वस्तू जोडायची आहे, तुकडे जुळत नाहीत. एकाला प्रसंग असा आठवतो, दुसऱ्याला तसा. गुळगुळीत एकच मजकूर करून टाकणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. हिराइसांकडून आलेला पाठ कोणता, परशरामबासांचा कोणता, रामेश्वरबासांचा कोणता, ते नावानिशी नोंदवून वेगळं राहू दिलं. डागडुजी दिसत राहिली. वाचणाऱ्याला आज सातशे वर्षांनीही जोड कुठे आहे ते कळतं, आणि हवा तर तो उसवताही येतो. व्हेनिसला जायच्या किती आधी गोदाकाठच्या पंथानं हे केलं! आमच्या जीर्णोद्धार समित्यांनी दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

गेल्या चातुर्मासाआधी एका आजींनी निरोप धाडला. घरात पांडवप्रतापाची हस्तलिखित पोथी, सासऱ्यांच्या आज्याच्या वेळची. मधली पानं वाळवीनं चाळण केलेली. “खंडित पोथी घरात ठिवू न्ये म्हणत्यात, गुरुजी. येत्या एकादशीला गंगेत सोडायची. त्याच्या आधी एकदा बघून जा.” मी गेलो. वेखंडाचा तुकडा अजून रुमालात होता. एका पानावर लेखकाकडून ओळ दोनदा लिहिली गेली होती, तिच्यावर हरताळ फासलेली. पिवळ्या थराखालून चुकलेलं अक्षर अजून वाचता येत होतं. मी बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या नातवाला थांबवलं, कारण हरताळात आर्सेनिक असतं.

कायद्याचं बोलता आलं असतं. 1972 च्या कायद्यानं पंचाहत्तर वर्षांपुढचं हस्तलिखित पुरावस्तूंत येतं. पण त्या घरात तो विषय काढणं मला बरं दिसेना. पोथी त्यांची, विधी त्यांचा, आणि गंगेत सोडणं हा त्यांच्या लेखी अनादर नाही, सन्मानाचा शेवट आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या वस्तूवर जाणकारीच्या जोरावर हक्क सांगून जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी काय केलं ते आपण पाहिलंच आहे. मी एवढंच म्हणालो की, आजी, हरवलेली पानं किती आणि राहिलेली किती ते आधी मोजू, सगळ्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो घेऊ, मग तुम्ही ठरवा.

“फोटो काढल्यावर सोडली तर चालतंय का?”

“चालतंय.”

त्यांना बहुधा मी अडून बसेन असं वाटलं होतं. जरा विचार करून म्हणाल्या, “मंग मोजल्याबिगर कशाला सोडायची.”

अजून सोडलेली नाही. वाचायला छापील पोथी, आणि पाटावर तिच्या शेजारी जुनी, असं त्यांनी ठरवलं आहे. कुंकू पानाला न लावता रुमालाला लावायचं, एवढं मी मागितलं; त्यांनी रुमालही नवा सुती आणवला, लाल नको कारण रंग जातो, म्हणून पांढरा. नातू फोनवर फोटो काढतो आहे. निम्म्याच्या वर पानं झाली आहेत, आणि वाळवीच्या पानांना तो माझ्याशिवाय हात लावत नाही.