नेवाशाचे श्रोते आणि अलंकारांची नावे

मराठी शाळांतून अलंकार शिकवण्याची जी रीत रूढ आहे तिच्यात विद्यार्थ्यापुढे आधी व्याख्या येते, मग एक ठरलेले उदाहरण येते आणि शेवटी ओळखण्याची खूण सांगितली जाते: ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘सम’ असा शब्द दिसला की उपमा, ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ असा शब्द दिसला की उत्प्रेक्षा. गुणपत्रिकेपुरती ही खूण उपयोगी पडते. पण तिच्यामुळे अशी समजूत पक्की होते की अलंकार म्हणजे वाक्यात सापडणारा एखादा शब्द, आणि त्याचे नाव सांगता आले की त्या वाक्याविषयी जाणण्यासारखे आणखी काही उरत नाही. वास्तविक उपमा, रूपक, दृष्टांत, व्यतिरेक ही नावे बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात होणाऱ्या निरनिराळ्या व्यवहारांची आहेत. कोणत्या प्रसंगी श्रोत्यावर किती भार टाकला आणि त्याच्याकडून कोणते काम करून घेतले, हे त्या नावांत साठवलेले असते. म्हणून ही नावे व्याख्येतून वाक्याकडे जाऊन शिकण्यापेक्षा वाक्यातून व्याख्येकडे येऊन शिकावीत, हेच अधिक योग्य आहे. आणि तसे शिकण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतकी समृद्ध सामग्री फार थोड्या ठिकाणी असेल, कारण प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

हा ग्रंथ एकांतात बसून लिहिलेला नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवरचे सुमारे नऊ हजार ओव्यांचे हे विवरण श्रोत्यांच्या सभेत सांगितले गेले, सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, आणि वक्ता श्रोत्यांना वारंवार हाक मारतो, त्यांची मनधरणी करतो, त्यांच्या मनातली शंका स्वतःच बोलून दाखवतो. समोर माणसे बसलेली असल्यामुळे प्रत्येक अलंकाराचे कारण तिथल्या तिथे दिसते.

पहिल्या अध्यायात कथा कशी ऐकावी हे सांगताना ज्ञानेश्वर लागोपाठ उपमा देतात. शरदातल्या चांदण्यातले कोवळे अमृतकण चकोराची पिले मृदू मनाने टिपतात तशी ही कथा अनुभवावी. भ्रमर पराग घेऊन जातो आणि कमळाच्या पाकळ्यांना त्याची दादही नसते तसा हा ग्रंथ सेवावा. आणि आपली जागा न सोडता उगवत्या चंद्राला आलिंगन द्यावे ते कुमुदिनीलाच ठाऊक. उपमेची शास्त्राने सांगितलेली चार अंगे येथे सहज वेगळी करता येतात: ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, म्हणजे श्रोता, ज्याच्याशी साम्य दाखवायचे ते उपमान, म्हणजे चकोर, भ्रमर, कुमुदिनी, दोहोंत समान असलेला गुण तो साधारण धर्म, आणि साम्य सांगणारा ‘जैसा’ यासारखा साम्यवाचक शब्द. एका उपमेयाला अनेक उपमाने दिली की तिला मालोपमा म्हणतात, आणि पाठ्यपुस्तक बहुधा येथे थांबते. पण खरा प्रश्न यापुढचा आहे: एका उपमेवर का भागले नाही? प्रत्येक उपमान हवा तो गुण आणतेच, पण त्याबरोबर नको ते काहीतरीही आणते. चकोराच्या पिलाने कोवळेपणा आणला, पण त्यासोबत भूकही आली. भ्रमराने पाकळी न दुखावता सार घेण्याचे कसब आणले, पण त्याची भटकंती श्रोत्याला शोभणारी नाही. म्हणून शेवटी कुमुदिनी येते, जी जागचीही हलत नाही आणि तरी चंद्राला भेटते. मागच्या उपमेने आणलेला नको तो अंश पुढची उपमा काढून टाकते, आणि तिन्हींमधून जे शिल्लक राहते ते वक्त्याला सांगायचे असते. ज्ञानेश्वरीतल्या उपमांच्या राशींना केवळ कल्पनाविलास म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहिलेला नसतो.

रूपकात साम्यवाचक शब्द गळतो आणि उपमेय व उपमान एकच आहेत असे सांगितले जाते. ॲरिस्टॉटलने उपमेला रूपकाचाच एक प्रकार मानले आणि फरक केवळ जोडलेल्या शब्दाचा आहे असे म्हटले. पण श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर हा फरक लहान नाही, कारण उपमेत दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असतात आणि रूपकात एका वस्तूतून दुसरी पाहावी लागते. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे गणेशवंदन हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे गणेश म्हणजे समग्र वाङ्मय आहे: वेद ही त्याची मूर्ती, स्मृती हे अवयव, पुराणे हे रत्नजडित अलंकार, सहा दर्शने हे सहा हात, तर्क हा परशू, नीती हा अंकुश, वेदान्त हा मोदक, आणि काव्य-नाटके या अर्थाच्या नादाने रुणझुणणाऱ्या लहान घंटिका. एका रूपकाचे सर्व अवयव अशा रीतीने जुळवले की त्याला सांगरूपक म्हणतात. या प्रकारात मोठी शिस्त पाळावी लागते, कारण एकदा मूर्ती स्वीकारली की तिचा मोडलेला दातही टाळता येत नाही; ज्ञानेश्वरांनी तो टाळला नाही, वार्तिककारांनी खंडित केलेले बौद्धमत म्हणून त्याला जागा दिली. तत्त्वज्ञानातल्या वादाचा एक संपूर्ण इतिहास एका तुटक्या दातात बसवलेला पाहिला म्हणजे रूपक ही विचार करण्याचीच एक पद्धत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दृष्टांताविषयी मात्र घोटाळा फार होतो. अलंकारशास्त्रात दृष्टांत म्हणजे साम्यवाचक शब्दावाचून शेजारी ठेवलेली दोन स्वतंत्र विधाने, ज्यांपैकी एक दुसऱ्याचे प्रतिबिंब असते. न्यायशास्त्रात दृष्टांत म्हणजे ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचे एकमत असते ती गोष्ट, जिच्या आधारावर पुढचा युक्तिवाद उभा राहतो. मराठीने या दोन्ही अर्थांना एकत्र आणले. ज्ञानेश्वरीच्याच काळात महानुभाव पंथात केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला, आणि त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा सिद्धान्ताशी लावलेला संबंध, अशी तीन पदरी रचना ठेवली. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यात आहे. गोष्ट ऐकून श्रोता आपल्या मनाने हवा तो अर्थ काढील ही शक्यता दार्ष्टांतिकाने बंद होते. ज्ञानेश्वर ती बहुतेक वेळा उघडी ठेवतात, आणि दोन समकालीन परंपरांचा स्वभाव या एका बाबतीत वेगळा दिसतो.

रूपक जेव्हा संपूर्ण ग्रंथभर पसरते तेव्हा ती रूपककथा होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा सतराव्या शतकातला ‘योगसंग्राम’ आपल्या नावातच रूपक घेऊन येतो: साधना हे युद्ध, विकार हे शत्रू. सूफी परंपरेत वाढलेल्या या संताने मराठी ओवीत हे युद्ध मांडावे आणि वारकऱ्यांनी त्याला आपले मानावे, यात रूपकाचाही वाटा आहे, कारण आतल्या लढाईची भाषा कोणत्याही पंथाच्या माणसाला परकी वाटत नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’त उपमा पुष्कळ आहेत, पण त्या कथेचा ओघ पुढे नेण्यापुरत्या आहेत, आणि कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान सांगणाऱ्याला तेवढ्याच लागतात.

ही सारी नावे ग्रंथांपुरती आहेत असे मात्र समजू नये. पावसाळ्यात श्रीरामपूर-राहुरीच्या भागात ‘भंडारदरा भरलं’ हे वाक्य ऐकू येते. त्यातल्या शब्दांचा सरळ अर्थ, म्हणजे अभिधा, घेतला तर एक गाव भरले असे होईल. तो अर्थ जुळत नाही म्हणून गावाच्या नावाने 1926 मध्ये पूर्ण झालेले प्रवरेवरचे धरण घ्यावे लागते, आणि शब्दाच्या या शक्तीला लक्षणा म्हणतात. पण कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या घरी या वाक्याचा अर्थ तेथेही थांबत नाही. आवर्तने वेळेवर सुटतील, उसाची लागण करायला हरकत नाही, हे त्यात न बोलता बोललेले असते, आणि ती व्यंजना होय. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त ज्या सूचित अर्थाला काव्याचा आत्मा म्हटले तो अर्थ शेतकऱ्याच्या ओसरीवर रोज वावरतो, शाळेत मात्र तो परका होऊन येतो, कारण उदाहरण दुसऱ्या कोणाच्या तरी जगातले असते.

व्यतिरेक या अलंकाराचे नाव पुष्कळांना कठीण वाटते, आणि तरी त्याचे उदाहरण महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत मुले तोंडपाठ म्हणतात. उपमेय हे उपमानापेक्षा वरचढ ठरवले की व्यतिरेक होतो. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर आपल्या मराठी बोलाला अमृताशी पैज लावायला सांगतात आणि ती जिंकण्याची हमी देतात, तो व्यतिरेक. आणि ग्रंथाच्या शेवटी पसायदानात सज्जनांना चंद्र आणि सूर्य म्हणताना चंद्राचा डाग व सूर्याचा ताप काढून टाकतात, तेव्हा रूपकाच्या पोटात व्यतिरेक येतो. जगातला खरा चंद्र सज्जनाला पुरेसा नाही, म्हणून तो आधी दुरुस्त करून मग दिला आहे. पसायदान म्हणणाऱ्या मुलाला ही दुरुस्ती दाखवून दिली आणि मग व्यतिरेक हे नाव सांगितले, तर त्याला ते पाठ करावे लागणार नाही. आणि मालोपमेतल्या भ्रमरानंतर कुमुदिनी का आली याचेही उत्तर त्याला स्वतःहून शोधता येईल.