आधी नजर वळते

आमच्या गुंजीत पावसाचं पाणी उदंड. पण समुद्र म्हणजे घाटाखालची गोष्ट. त्यामुळं भाची मंगळुराजवळच्या मुल्कीला सर्फिंग शिकायला निघाली, तेव्हा मीच आधी म्हटलं, "हे कशाला गं?" तिथं मंत्रा सर्फ क्लबमुळं हा खेळ २००४ पासून रुजला आहे. टोकियो ऑलिंपिकमध्येही २०२१ साली तो पहिल्यांदा खेळला गेला. मला मात्र पोरीच्या हातापायांची काळजी.

दशलक्षणात ती घरी आली आणि स्वयंपाकघरात पाटावर उभी राहून मला गिरकी दाखवू लागली. लाटेवर फळी पूर्ण गोल फिरवायची. गुडघे वाकवायचे. आधी मान वळते, मग खांदे, मग कंबर. फळी सगळ्यात शेवटी. फळीच्या खाली, मागच्या बाजूला, माशाच्या परांसारखी पाती असतात. पुढच्या पायावर भार दिला की ती पाण्याची पकड सोडतात आणि फळी घसरत फिरते. मध्येच एक क्षण असा येतो, की फळीचं शेपूट पुढं आणि तोंड मागं.

"तिथंच पडायला होतं, मावशी."

"का गं?"

"भीतीनं नजर पायाकडं जाते. जिथं पोचायचंय तिकडंच बघायला पाहिजे."

मी कणीक मळत होते. हात थांबला.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाईंच्या पाटल्या थोरल्या जाऊबाईंकडं गेल्या. तेव्हापासून दर क्षमावाणीला मी त्यांच्यापुढं हात जोडते, तोंडानं 'उत्तम क्षमा' म्हणते. नजर मात्र त्यांच्या मनगटावर. मग क्षमा कुठली व्हायला? मी फळीच फिरवत होते, मान वळवलीच नव्हती.

आपण बायका म्हणतो, आधी वागणं नीट ठेवावं, मन मागाहून येईल. संसार त्यावर चालतो, खोटं नाही. पण आपल्या रत्नत्रयात सम्यग्दर्शन पहिलं, चारित्र्य शेवटी. दर्शन म्हणजे श्रद्धा, नुसतं डोळ्यांनी बघणं नव्हे, हे मलाही कळतं. तरी मन कुठं लागलंय हे डोळेच आधी सांगतात. आणि धरून ठेवलेलं सोडल्याशिवाय वळता येत नाही, हेही त्या पाटावरच कळलं. पाटल्या त्यांच्या हातात होत्या. पकड माझी होती.

यंदा क्षमावाणीला जाऊबाईंच्या तोंडाकडं बघितलं. केस पार पांढरे झालेत. गुडघे दुखतात का, विचारलं. त्यांनी हात धरून शेजारी बसवून घेतलं. पाटल्या दिसल्या नाहीत असं म्हणणार नाही. दिसल्या. क्षणभर नजर अडकली, मग परत वर आणली.

भाचीची गिरकी अजून पुरी होत नाही. पाऊण होते, मग पाण्यात पडते. पडली की फळी ओढून घेते आणि परत चढते म्हणे. आता मी तिला "कशाला?" असं विचारत नाही.